आण्णांची बिडी डॉक्टरांच्या कागदावर येऊ दे

वाचकाचं पत्र:

ताई, माझं माहेर निपाणीजवळच्या एका खेड्यात. आण्णांचं वय ६२. आवाज बसला तो उठेचना म्हणून दाखवलं, तर स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. आता कोल्हापूरला शेक (रेडिएशन) चालू आहेत, आठवड्याला पाच, एकूण ३५. त्यांना न्यायला-आणायला मी सासरहून येऊन राहिले आहे. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "बिडी ओढता का?" आण्णा म्हणाले, "सोडली की कवाच." मी शेजारी बसले होते, गप्प राहिले. परवा परड्यातल्या कडब्याच्या गंजीत दोन बंडलं सापडली. मी ती त्यांच्या डोळ्यांदेखत चुलीत घातली. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

आई लग्न झाल्यापासून घरात बिड्या वळते. आजही सोप्यात सूप घेऊन बसते, सध्या घर तिच्यावरच चाललंय. ती रडते, म्हणते, "माझ्याच हातानं झालं." दादा म्हणतो, या वयात, या आजारात माणसाची बिडी तोडणं म्हणजे छळ. तोच त्यांना गुपचूप आणून देतो. आणि आण्णा म्हणतात, "व्हायचं ते झालं, आता एक बिडी ओढली म्हणून काय आभाळ कोसळतंय?"

आता सोडून खरंच उपयोग आहे का? डॉक्टरांना आण्णांच्या माघारी सांगू का? आणि आईच्या कामाचं काय करू?

– एक लेक, निपाणी तालुका

सप्रेम नमस्कार,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्याच्यावरच अडलंय. हो, उपयोग आहे. निम्मे शेक होऊन गेले असले तरी आहे. आणि तो कुठंतरी दहा वर्षांनी नाही, ह्याच उपचारात दिसणार आहे.

आण्णा शेतकरी माणूस दिसतात, त्यांना कारण सांगितलं तर पटेल, नुसतं "वाईट असतं" म्हणून नाही पटणार. तेव्हा कारण असं आहे. रेडिएशनचे किरण कॅन्सरची पेशी मारतात, पण ते काम नीट व्हायला त्या पेशीपर्यंत प्राणवायू पोचावा लागतो. प्राणवायू कमी पडला की तीच पेशी तेवढ्याच किरणांना दाद देत नाही. बिडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. कोल्हापूरला उतरल्यावर आण्णा आडोशाला जाऊन एक ओढत असतील, तर मशीनखाली झोपताना तिचा वायू रक्तात असतोच. तो निम्म्यावर यायलाच चार-पाच तास जातात. पण ह्याचीच दुसरी बाजू आण्णांना जरूर सांगा: बिडी थांबली की एक-दोन दिवसांत हा वायू रक्तातून जवळपास निघून जातो. सोमवारी सोडली तर बुधवारी मशीनखाली जाणारं रक्त वेगळं असतं.

हे नुसतं पुस्तकातलं गणित नाही. १९९३ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी डोकं आणि मान या भागातल्या, पुढच्या टप्प्याच्या कॅन्सरच्या ११५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. रेडिएशन चालू असताना जे ओढत राहिले, त्यांच्यापैकी ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण गेली. ज्यांनी त्या काळात ओढली नाही, त्यांच्यात ७४ टक्क्यांची गेली. दोन वर्षांनी ओढणाऱ्यांपैकी ३९ टक्के हयात होते, न ओढणाऱ्यांपैकी ६६ टक्के. रुग्ण थोडे होते, आणि आण्णांचा आजार कुठल्या टप्प्यावर आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हे आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नका. पण पुढं जमत गेलेला पुरावा त्याच बाजूचा निघाला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्यावरच्या प्रमुख डॉक्टरांच्या, २०१४ सालच्या अहवालात तर स्पष्टच म्हटलंय की कॅन्सर झाल्यावरही धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांचा मृत्यूचा धोका वाढतो आणि दुसरा नवा कॅन्सर होण्याचा धोकाही वाढतो. स्वरयंत्राचा कॅन्सर लवकर हाती लागला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. एवढी चांगली संधी असताना ती अर्धवट सोडायची नाही, एवढंच आण्णांना सांगायचंय.

शिवाय रोजचा त्रास आहेच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून घशात फोड येतात, गिळताना आग होते, चव जाते, वजन उतरतं. धुरानं हे सगळं वाढतं आणि लांबतं. त्रास असह्य झाला की माणूस म्हणतो, दोन दिवस विश्रांती घेतो. हे दोन-दोन दिवस फार महाग पडतात. शेकांमध्ये खंड पडला की कॅन्सरच्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. पुढं ऑपरेशनची वेळ आली, तर जखम भरणं, भूल, छातीत कफ साठणं, तिथंही बिडी आडवी येतेच.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, आणि इथं थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त काम इथंच आहे.

आण्णा डॉक्टरांशी खोटं बोलले, याचा तुम्हाला राग आलाय. मला त्यात आण्णांची भीती दिसते. कॅन्सरच्या रुग्णाला पहिल्या दिवसापासून सगळे एकच विचारत असतात: किती ओढत होता? कधीपासून? विचारणाऱ्याच्या मनात नसलं तरी ऐकणाऱ्याला ते "तूच केलंस" असंच ऐकू येतं. खरं सांगितलं तर डॉक्टर ओरडतील, उपचार बंद करतील, पोरीसमोर अपमान होईल, असं मनात आलं की माणूस सरळ "सोडली" म्हणून मोकळा होतो. आणि एकदा म्हटलं की ते निभवावं लागतं, मग गंजीत बंडलं लपतात. तुम्ही ती चुलीत घातलीत. तुमचा जीव किती तुटत असेल ते मला कळतं, पण त्या दिवसापासून घरात एक चोर आणि एक पोलीस तयार झाला. आण्णांची सगळी हुशारी आता बिडी सोडण्यापेक्षा ती लपवण्यात खर्च होणार. तेव्हा आता गंजी, गोठा, कोटाचे खिसे तपासणं आजपासून बंद करा.

त्याऐवजी बिडीची तलफ डॉक्टरांच्या कागदावर जाऊ दे. घसा दुखतो, भूक नाही, झोप नाही, हे तुम्ही डॉक्टरांना सांगताच ना? तलफही त्याच रांगेतली आहे. तंबाखूतल्या निकोटीनची सवय मेंदूला लागलेली असते आणि तिच्यावर औषध आहे. डॉक्टरांना माहीतच नसेल, तर ते देणार कुठून?

मात्र माघारी सांगू नका. आण्णांना आधी सांगा, मग त्यांच्यासमोर सांगा. माघारी सांगितलंत आणि डॉक्टरांनी तपासताना विषय काढला, तर आण्णांचा तुमच्यावरचाही विश्वास जाईल आणि डॉक्टरांवरचाही. अबोला तुम्हीच मोडा. बंडलं जाळली त्याबद्दल वाद घालत बसू नका, समजावत बसू नका. बसमध्ये शेजारी बसल्यावर, घरातलं कुणी ऐकायला नसताना, एवढंच म्हणा: "आण्णा, बिड्या शोधायचं मी सोडलंय. किती ओढताय ते मला सांगूही नका. पण डॉक्टरास्नी खरं सांगूया, त्यांच्याकडं तलफेवर औषध आहे. तुम्हाला अवघड वाटत असलं तर मी बोलते, तुम्ही नुसतं बसा." लगेच हो म्हणणार नाहीत. बहुतेक खिडकीबाहेर बघत राहतील. दुसऱ्या दिवशी परत विचारा, त्याच आवाजात.

कॅन्सरच्या ओपीडीत रांग मोठी असते आणि डॉक्टरांना दोन मिनिटं मिळतात. म्हणून घरीच एक चिठ्ठी लिहून न्या, मराठीत लिहिली तरी चालेल. दिवसाला किती बिड्या. सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली पेटते, कारण अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय जास्त पक्की आहे असं धरतात आणि औषधाची मात्रा त्यावर ठरते. मिश्री, तपकीर, मळलेली तंबाखू यांतलं काही आहे का. आधी कधी सोडून बघितली होती का, तेव्हा काय त्रास झाला. बीपी, साखर, दमा यांच्या चालू गोळ्यांची नावं. आणि दारू. रोज पिणारा माणूस एकदम थांबला तर हात कापणं, झटके येणं, भ्रम होणं असे धोके असतात. बिडी एकदम सोडली तर माणूस चिडतो, तळमळतो, पण तसला धोका नसतो. "एकदम सोडली की अंगावर येतं" हे गावात दारूचं पाहून बिडीलाही लावलेलं असतं. तेव्हा आण्णा दारू घेत असतील तर दोन्हींचं वेगवेगळं सांगा, लपवू नका.

डॉक्टरांची गाठ पडत नसेल तर रेडिएशनच्या मशीनवरच्या सिस्टरना किंवा टेक्निशियनला ही चिठ्ठी द्या. आण्णांना रोज तीच माणसं भेटतात. तोंडा-मानेवर जाळीचा मास्क बसवून पलंगाला घट्ट अडकवतात, हलायचं नाही, खोकायचं नाही, आणि काढला की कपाळावर जाळीचे वळ उमटलेले असतात. ते मास्क बसवणारे हात आण्णांच्या ओळखीचे झालेले असतात. कित्येकदा माणूस डॉक्टरपेक्षा त्यांना खरं सांगतो.

औषधांची तोंडओळख करून देते, म्हणजे डॉक्टरांसमोर नेमकं विचारता येईल. घशाला फोड असताना निकोटीनचं च्युइंगम सोसत नाही. अशा रुग्णाला साधारणपणे निकोटीनची पट्टी बरी पडते. ती सकाळी दंडावर किंवा पाठीच्या वरच्या भागावर चिकटवायची, रोज जागा बदलायची, आणि शेक चालू असलेल्या मानेच्या कातडीवर चुकूनही लावायची नाही. काढलेली पट्टी दुमडून पोराबाळांच्या हाती लागणार नाही अशी टाकायची. पट्टीवर २१, १४, ७ असे मिलिग्रॅमचे आकडे असतात. जास्त ओढणाऱ्याला मोठीपासून सुरू करून काही आठवड्यांनी उतरत आणतात. रात्री विचित्र स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढायला सांगतात. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळीही आहे, साधारण १२ आठवड्यांची. तिनं मळमळ होऊ शकते आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. ब्युप्रोपिऑन ही तिसरी. ज्याला फिट येते त्याला ती देत नाहीत. कुठली द्यायची ते डॉक्टर ठरवतील, मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका.

दादा म्हणेल, पट्टीत पण निकोटीनच आहे, मग बिडीनं काय घोडं मारलंय? तलफ लावतं ते निकोटीन, हे बरोबर आहे. पण कॅन्सर करणारी रसायनं आणि तो कार्बन मोनॉक्साइड येतात धुरातून. पट्टीत धूर नाही. ती निकोटीन हळूहळू देते आणि मेंदूला शांत ठेवते, तेवढ्यात हाताची आणि तोंडाची सवय मोडते. म्हणून दादाला सांगा की छळाबद्दल तो म्हणतोय त्यात तथ्य आहे. औषधाशिवाय, कोंडून, ओरडून बिडी तोडणं हा छळच आहे. औषध देऊन सोडवणं तसं नाही. आणि त्याच्याकडून फक्त बंडल आणण्याचं काम काढून घेऊ नका, दुसरं काम द्या. आण्णांवरच्या मायेपोटीच तो ते करतोय. आठवड्यातले दोन दिवस कोल्हापूरला त्यानं न्यावं, तुम्हालाही पाठ टेकायला मिळेल. पट्टी लावली का, हे सकाळी त्यानंच बघावं.

बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, पानाची आहे म्हणून चालते, असं म्हणणारे तुमच्या कट्ट्यावर भेटतीलच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले ७.७ टक्के प्रौढ बिडी ओढणारे निघाले आणि ४ टक्के सिगारेट, तरी तंबाखू सोडा म्हणणाऱ्या जाहिराती बहुतेक सिगारेटच्या चित्राच्या, त्यामुळं बिडीवाल्याला ते आपल्याला लागूच होत नाही असं वाटतं. बिडीत तंबाखू कमी असते हे खरं. पण तेंदूचं पान सारखं विझतं, ती पेटती ठेवायला लवकर लवकर आणि खोल ओढावी लागते. धूर कमी जात नाही.

बिडीऐवजी मिश्री लावा, तंबाखू मळा, असा सल्ला कुणी देईल तर हात जोडा. बिडीच्या बदल्यात सुपारी तर अजिबात नको, सुपारी स्वतःच कॅन्सर करते. लवंग-वेलदोडा एरवी चालला असता, पण फोड आलेल्या घशाला लवंग झोंबते. कोमट पाण्याचा घोट बरा, घासाघासानं पेज बरी.

आता आईंबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागली ती त्यांची ओळ.

आईंना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, आणि ते तुम्ही सांगा, की हे त्यांच्या हातानं झालेलं नाही. त्यांनी बिड्या वळल्या नसत्या तर आण्णांनी दुकानातून आणल्या असत्या. त्यांनी वळलेल्या बिड्यांवर तुमच्या वह्या-पुस्तकं आली असतील, तुमचं लग्न झालं असेल. निपाणीकडची कितीतरी घरं ह्याच पिकावर आणि ह्याच मजुरीवर उभी राहिली आहेत. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीचे शेतकरी हमरस्त्यावर बसले, त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं गेली. ज्या मुलखात तंबाखूसाठी माणसांनी जीव दिलाय, तिथं एका बाईला "तू हे काम का करतेस" म्हणून विचारायचा कुणाला अधिकार नाही. काम सोडा असं मी त्यांना सांगणार नाही. औषधपाण्याचा आणि रोजच्या प्रवासाचा खर्च त्यातूनच निघतोय.

पण जागा बदलता येईल का बघा. बिडी सोडणाऱ्याचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण, मग दोन ते चार आठवड्यांत तळमळ उतरत जाते. तेवढे दिवस आण्णांच्या नाकासमोर जर्द्याचा वास, सुपात रचलेली पानं, बोटांतून भराभर निघणाऱ्या बिड्या नकोत. सोप्यातच आण्णांची खाट असेल तर फारच वाईट. बायका चौघीजणी मिळून वळतातच, तर आईंनी महिनाभर शेजारणीच्या सोप्यात सूप न्यावं. ते जमत नसेल तर आण्णा कोल्हापूरला गेलेले असतात तेवढ्या वेळात वळून घ्यावं, ते यायच्या आत झाडून-पुसून, सूप, पानं कापायचा फर्मा आणि तंबाखू आत ठेवून द्यावं. तयार बिड्या त्याच दिवशी ठेकेदाराकडं पोचवाव्यात, घरी साठवू नयेत. नापास होऊन परत आलेल्या बिड्या कुठं जातात, ह्याच्याकडं विशेष लक्ष द्या. बिड्या वळणाऱ्या घरांत गडी माणसं बहुतेक त्याच ओढतात, कारण त्यांना पैसे पडत नाहीत आणि त्या कुणी मोजतही नाही. त्या आईंनी तिथल्या तिथं मोडून टाकाव्यात. हे आईंना तुम्ही हुकूम म्हणून सांगू नका. "आण्णांच्या औषधात तुझं एवढं काम आहे" म्हणून सांगा. ज्या बाईला आपण गुन्हेगार आहोत असं वाटतंय, तिच्या हाती काहीतरी करण्यासारखं आलं की तिचं रडणं कमी होईल, असं मला मनापासून वाटतं.

त्यांच्या स्वतःच्या तब्येतीकडंही बघा. वळताना नाका-तोंडाला पदर नाहीतर मास्क, उठल्यावर साबणानं हात, आणि मिश्रीची सवय असेल तर त्यांनाही तोंड दाखवून आणा. त्यांच्याकडं विडी कामगाराचं ओळखपत्र आहे का? १९७६ च्या कायद्यानं विडी कामगारांच्या कल्याणाची योजना आली, त्यात कामगारावर अवलंबून असलेल्या घरच्यांच्या कॅन्सरच्या उपचाराला मदतीची तरतूद आहे. कार्ड घेऊन विडी कामगारांच्या दवाखान्यात चौकशी करा. खर्च करून झाल्यावर जाण्यापेक्षा आधी गेलेलं बरं.

आण्णांचा दिवस कसा जाईल याचाही विचार करून ठेवा. पहाटेचा चहा आणि पहिली बिडी ही जोडी चाळीस वर्षांची असेल. चहा बंद करू नका, एका दिवसात दोन गोष्टी काढून घेणं जड जातं. पण जागा बदला. गोठ्यापाशी उकिडवं बसून पीत असतील तर आंघोळ झाल्यावर, चुलीपाशी, कोमट चहा द्या. बिडी सुटली की चहा-कॉफीतलं कॅफिन अंगात जास्त वेळ टिकतं, म्हणून चहाचे कप मात्र थोडे कमी करा, नाहीतर झोप जाईल आणि दोष बिडी सोडल्याला लागेल. दम्यासाठी थिओफिलीनची गोळी चालू असेल तर तिचं प्रमाणही धूर थांबल्यावर शरीरात वाढतं, म्हणून ती चिठ्ठीत नक्की लिहा. तलफेची एक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात आण्णांना उठवून परड्यापर्यंत चालवा, म्हशीला वैरण टाकायला सांगा, नातवंडाला फोन लावून द्या. पहिले काही दिवस खोकला वाढल्यासारखा वाटेल, पोटही साफ होणार नाही. हे सोडल्याचे त्रास आहेत, उतरतात. पण खोकल्यातून रक्त आलं, ताप आला किंवा दम लागला तर तो बिडीचा विषय समजून घरी बसू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

मग एखाद्या दिवशी ओढतील. पाहुणे येतील, नाहीतर रिपोर्ट वाईट येईल, नाहीतर कारण काहीच नसेल. त्या दिवशी घरात कुणीही "बघा, जमणारच नव्हतं" म्हणायचं नाही. पट्टी काढायची नाही, दुसऱ्या दिवशी परत सुरुवात. आण्णा तुम्हाला येऊन सांगतील की "आज ओढली बघ", तर तुम्ही जिंकलात असं समजा, कारण ते आता लपवत नाहीत. मात्र "दिवसाला दोनच ओढतो" यावर तडजोड करून बसू नका. एकदम जमत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी करत नेता येतं, पण गाठायचं आहे ते शून्यच.

एका गोष्टीकडं मात्र बारीक लक्ष असू दे. आण्णा चिडले तर चालेल. पण ते गप्पगप्प झाले, जेवण टाकायला लागले, "मी असून नसून काय" असं बोलायला लागले, तर ते बिडीच्या पलीकडचं आहे. डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही.

आणि शेवटचं काम. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा नंबर १८००-११-२३५६, हाही मोफत आहे. २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर छापतात, तुम्ही जाळलेल्या बंडलांवरही असेल. तिथं मराठीत बोलणारे समुपदेशक आहेत, ते सोडायची तारीख ठरवून देतात आणि नंतर परत फोन करून विचारपूसही करतात. नंबर तुम्ही लावून द्या, पण बोलायचं आण्णांनी. आवाज घोगरा असल्यानं त्यांना लाज वाटेल, तर स्पीकर लावा आणि न निघालेले शब्द तेवढे तुम्ही सांगा. वेळ सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. तेव्हा मंगळवारी कोल्हापुरात आण्णांचा नंबर यायची वाट बघत बाकावर बसाल, तेव्हाच पहिला फोन करून टाका. तारीख ठरली की त्याच दिवशी ती डॉक्टरांना सांगून पट्टी लिहून घेता येईल.

तुमची,
ताई